बडे मियांनी न घेतलेली नोकरी

पोरगं जिल्ह्यात खेळून आलं, की आमच्याकडे पेढा तोंडात असतानाच कुणीतरी विचारतं, "याचा नोकरीला फायदा होतो का?" हे विचारणाऱ्याला मी कधी हलकं समजलेलो नाही. त्याच्या घरी चार-पाच एकर कोरडवाहू असतं. एखाद्या साली सोयाबीन ऐन काढणीला पावसात सापडतं, एखाद्या साली शेंगा भरायच्या वेळेला पाऊसच पाठ फिरवतो. दोन भावांपैकी एकाला तरी महिन्याच्या महिन्याला पगार यावा, एवढंच त्याचं म्हणणं असतं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, म्हणून प्रमाणपत्र लॅमिनेशन करून पेटीत ठेवलं जातं. बूट फाटले तर ते पुढच्या वर्षी बघू.

नांदेड, परभणी, लातूर, बीड, कुठल्याही जिल्ह्याच्या मैदानावर पहाटे गेलं की भरतीची पोरंपोरी दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. अंधारात अनवाणी पळणारी ही लेकरं इतकी सुरेख पळतात की बघत राहावं. ऊन चढलं की तीच अभ्यासिकेत जाऊन बसतात. त्याच मैदानाच्या एका कोपऱ्यात, दगडांचा गोलपोस्ट मांडून दहा-बारा जण फुटबॉल खेळत असतात. बॉल पळणाऱ्यांच्या पायात गेला की ओरडा होतो, "ए, तिकडं घ्या रे तुमचं!" आणि फुटबॉलवाले मुकाट्यानं बॉल आणतात, अजून थोडे आत सरकतात. मैदानावर हक्क कुणाचा आधी, हे दोघांनाही ठाऊक असतं.

मला अशा वेळी हैदराबादचे मोहम्मद हबीब, म्हणजे 'बडे मियां', आठवतात. भारतासाठी खेळलेला, कोलकात्यातल्या तिन्ही मोठ्या क्लबांत नाव काढलेला, अर्जुन पुरस्कार मिळालेला हा फुटबॉलपटू. त्यांच्या काळी चांगल्या खेळाडूपुढे नोकऱ्या चालून यायच्या. हबीबपुढेही आल्या. त्यांनी एकही घेतली नाही. नोकरी केली तर खेळावरचं लक्ष उडेल, म्हणून. भारतातला पहिला खराखुरा व्यावसायिक फुटबॉलपटू असं त्यांना म्हणतात, ते याचसाठी.

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते मामांच्या तोंडून. मामा पूर्णेला रेल्वेत होते. पूर्णा जंक्शन तेव्हा सगळं रेल्वेचंच गाव होतं. लोको शेड, क्वार्टरांच्या रांगा, भोंग्यावर चालणारा दिवस. काचीगुडा ते मनमाड ही मीटरगेज लाइन गावातून जायची आणि त्या लाइननं आमची माणसं हैदराबादला जात-येत. शिकायला उस्मानिया विद्यापीठ, दुखण्याला तिथला दवाखाना, लग्नाच्या बस्त्याला तिथलं कापड. मामांना ड्यूटीमुळे पास होता आणि फुटबॉलचं वेड होतं. ते स्वतः रेल्वेच्या टीमकडून हाफला खेळायचे. हैदराबादला मॅच असली की रात्रीच्या गाडीनं निघायचे, फतेह मैदानावर मॅच बघायचे आणि परतीच्या गाडीनं येऊन ड्यूटीवर हजर व्हायचे.

हैदराबादचा फुटबॉल आम्ही मराठवाड्यातल्यांनी परका मानू नये, असं माझं मत आहे. हैदराबाद सिटी पोलिसांच्या टीमनं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्या वेळी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली, पण आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो ते १९५६ च्या नोव्हेंबरात. म्हणजे मुंबईच्या कूपरेज मैदानावर जिंकणारी ती टीम हिशेबानं आपल्याच राज्याची होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत रझाकार आहेत, मुक्तिसंग्राम आहे, ते असायलाच हवं. फुटबॉलची एक ओळही मी कुठे वाचलेली नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या टीमचे कोच सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शिक्षक. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा त्यांनी घेतल्या, म्हणजे बॉल आला की लगेच द्यायचा. कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धा घेतल्या. पुढे ते देशाच्या संघाचे कोच झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, १९६२ मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला २–१ हरवून आशियाई सुवर्णपदक मिळालं. कर्करोगानं ग्रासलेले रहीमसाहेब त्यानंतर वर्षभरही जगले नाहीत. ११ जून १९६३ ला गेले. हबीब तेव्हा चौदाचाही झाला नव्हता. रहीम गेले तरी त्यांनी गल्ली-गल्लीत लावून ठेवलेली शिस्त राहिली, आणि त्या शिस्तीत वाढलेली पोरं पुढे पंधरा-वीस वर्षं कोलकात्याला जात राहिली.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर हबीबच्या निर्णयाचं वजन कळत नाही. त्या काळी भारतातला बहुतेक फुटबॉल नोकरीच्या आधारानं उभा होता. हैदराबादची ती नामांकित टीम पोलिसांची. कोलकात्याला ईस्टर्न रेल्वे, बंगाल नागपूर रेल्वे. मुंबईला मफतलाल, टाटा. खेळाडूला हुद्दा मिळायचा, सकाळी सरावाला सूट असायची, स्पर्धेच्या दिवसांत खास रजा मिळायची. पाय गेला तरी खुर्ची राहायची. प्रदीपकुमार बॅनर्जी, ज्यांना सगळे पी. के. म्हणत, ते रेल्वेतच राहिले. खेळाडू म्हणून कोलकात्याच्या मोठ्या क्लबांकडे कधी गेले नाहीत, आणि तरी त्यांच्या ईस्टर्न रेल्वेनं १९५८ ची कोलकाता लीग जिंकली. चुनी गोस्वामी मोहन बागानला खेळले आणि स्टेट बँकेत नोकरीला होते. या माणसांचा खेळ कमअस्सल होता असं कोण म्हणेल? नोकरी घेणं हा त्या काळचा शहाणपणा होता आणि त्यात काही चुकीचं नव्हतं.

हबीब १९६६ साली ईस्ट बंगालकडे गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. तिथून १९८४ पर्यंत ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तिघांत त्याचं जाणं-येणं चाललं. ज्या क्लबात गेला तिथं लोकांनी त्याला 'बडे मियां' म्हटलं. कोलकात्याच्या मैदानावरची लीग भर पावसाळ्यात होते. गवत जाऊन चिखल राहतो, बॉल थांबतो, पाय घसरतो, अशात नव्वद मिनिटं ज्याचा दम टिकेल तो खरा. बडे मियांचा दम हीच त्यांची ओळख होती. सुटलेल्या बॉलमागे ते पळायचे. दुसऱ्याच्या चुकीनं गेलेल्या बॉलमागेही पळायचे, आणि सरावाला उशिरा येणाऱ्या पोराची गय करायचे नाहीत. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळालं त्या संघात ते होते. कर्णधारही हैदराबादचाच, सय्यद नईमुद्दीन. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये आशियाई स्पर्धेत त्यानंतर भारताला पदक मिळालेलं नाही. धाकटा भाऊ मोहम्मद अकबरही त्यांच्याबरोबर खेळला. १९७६ च्या लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्ध खेळ सुरू झाल्यावर सतराव्या सेकंदाला त्यानं मोहन बागानसाठी गोल केला, तो कोलकात्यात अजून सांगतात.

मग पेलेची मॅच. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन, मोहन बागान विरुद्ध न्यूयॉर्क कॉसमॉस. पाऊस पडून मैदान रबडीसारखं झालेलं. त्या चिखलात मोहन बागाननं कॉसमॉसला २–२ असं रोखलं. एक गोल श्याम थापाचा, एक हबीबचा. कॉसमॉसनं बरोबरी केली ती शेवटी शेवटी मिळालेल्या पेनल्टीवर.

ही मॅच सगळे सांगतात, पेले आला होता म्हणून. मला तिच्यात आणखी काही दिसतं. पेले तिथं आला कसा? सांतोस क्लबकडून तो १९७४ मध्ये निवृत्त झाला होता. मग कळलं की भागीदारीतल्या धंद्यानं त्याला कर्जात घातलंय. जगातला सगळ्यात मोठा फुटबॉलपटू, तीन वर्ल्ड कप जिंकलेला, आणि निवृत्तीनंतर वर्षभरात त्याला पुन्हा बूट घालावे लागले ते बऱ्याच अंशी पैशासाठी. कॉसमॉसशी करार झाला १९७५ मध्ये. कोलकात्याला आला तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि एका आठवड्यानं, १ ऑक्टोबरला, त्यानं शेवटची मॅच खेळली. मोहन बागानच्या बाकावर कोच म्हणून कोण होतं? पी. के. बॅनर्जी, रेल्वेवाले. आणि मैदानात अठ्ठावीस वर्षांचा हबीब, ज्याच्याकडे कुठल्याच खात्याचं नेमणूकपत्र नव्हतं. खेळून पोट भरायचे तीन रस्ते त्या चिखलात एकमेकांसमोर उभे होते. एकानं पैसा कमावून घालवला होता, एकानं नोकरी धरून खेळ केला होता आणि एकानं खेळालाच नोकरी मानलं होतं. यातला कुठला बरोबर, हे मी अनेक वर्षं मनात घोळवतो आहे.

मामांचं उत्तर ठरलेलं होतं. ते म्हणायचे, "हबीबमियां खेळले. आम्ही रजा टाकून खेळलो." मामांना पश्चात्ताप होता असं नाही. रेल्वेनं त्यांना घर दिलं, आमच्या मामेभावंडांची शिक्षणं केली, आज पहिल्या तारखेला पेन्शन येते, गुडघ्याला रेल्वेचा दवाखाना आहे. हे सगळं ते कृतज्ञतेनं सांगतात. पण टीममध्ये असताना एखाद्या स्पर्धेला साहेबानं रजा दिली नाही, ती आठवण निघाली की आजही त्यांचा आवाज चढतो. सेमीफायनल होती आणि ते मालगाडीबरोबर मुदखेडला होते. पन्नास वर्षांपूर्वीची मॅच, पण कोण कुठून खेळलं असतं हे ते सगळं मांडून दाखवतात.

हबीबना रजा मागायला साहेबच नव्हता. याचा दुसरा अर्थ असा, की हंगाम संपला की पगारही नव्हता. एका हंगामाचा करार, पुढचं पुढं. घोटा मुरगळला तर तो त्यांचा खर्च, फॉर्म गेला तर ती त्यांची काळजी. विशी-पंचविशीत हे सोपं वाटतं. तिशी उलटल्यावर, घरी बायकोपोरं असताना, दरवर्षी नव्यानं आपली किंमत सिद्ध करायची, आणि तीही चिखलात अठरा-वीस वर्षांच्या पोरांबरोबर पळून, याला काय म्हणायचं? मला तरी हे धाडस फार मोठं वाटतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला ते कळतंही लवकर, कारण एका हंगामाच्या भरवशावर वर्ष काढणं म्हणजे काय ते आपण बघितलेलं असतं.

आणि तरीही प्रश्न राहतोच: पुढे काय? फुटबॉलपटू पस्तिशीला म्हातारा होतो. शिक्षकाची, तलाठ्याची, डॉक्टरची गाडी ज्या वयात रुळाला लागते, त्या वयात याची सुटलेली असते. समोर निम्मं आयुष्य पडलेलं असतं आणि हातात जे कसब आहे ते वापरायला पाय उरलेले नसतात. हबीब कोचिंगकडे वळले. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत शिकवलं, पुढे हल्दियाच्या अकादमीत. मग हैदराबादला घरी. शेवटच्या काही वर्षांत त्यांना पार्किन्सन झाला, विस्मृतीनं घेरलं. ज्यांना आपल्या टीममधल्या दहा जणांची जागा डोळे झाकून ठाऊक असायची, त्यांना माणसं ओळखू येईनात. १५ ऑगस्ट २०२३ ला ते गेले, वय ७४.

त्यांचा आजार फुटबॉलमुळे झाला, असं मी म्हणणार नाही. एका माणसाच्या बाबतीत ते कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. पण एकूण खेळाडूंच्या बाबतीत आता बरंच काही कळलंय आणि ते आपल्याकडे सांगितलं जात नाही, म्हणून इथे सांगतो. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूच्या नोंदी सर्वसामान्य लोकांच्या नोंदींशी ताडून बघितल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण या खेळाडूंत साधारण साडेतीन पट. संशय आहे तो वर्षानुवर्षं डोक्यानं बॉल मारण्यावर. इंग्लंडचा जेफ अॅसल हेडरसाठी नावाजलेला होता. निवृत्तीनंतर खिडक्या पुसायचा धंदा करून त्यानं घर चालवलं. २००२ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी तो गेला तेव्हा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं त्याचं मरण व्यवसायातून आलेल्या आजाराचं ठरवलं. गिरणीतल्या कामगाराच्या फुप्फुसात कापूस जातो, तसं हे. २०२० पासून इंग्लंड, स्कॉटलंडमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावात हेडर बंद केले आहेत. आमच्याकडे अजून बारा वर्षांच्या पोराला उंच बॉल टाकून "डोक्यानं घे, घाबरू नको" म्हणतात. हे थांबवायला एक पैसा लागत नाही. क्रीडा शिक्षकांनी ठरवलं तर उद्यापासून थांबेल.

गुडघ्याचंही तसंच. आमची मैदानं काळ्या मातीची. पावसाळ्यात बुटाला किलो-किलोचा गाळ लागतो, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर मुरूम टाकला तर पडल्यावर गुडघे सोलून निघतात. भेगेत पाय अडकून पोरगं पडलं आणि गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, तर बहुतेक वेळा ते कुणाला कळतच नाही. तेल लावतात, चोळतात, पट्टा बांधतात, महिन्यानं पुन्हा खेळायला सोडतात. मग तो गुडघा कायमचा जातो. माझ्या ओळखीतल्या एका फार चांगल्या स्टॉपरचा, म्हणजे बचावपटूचा, खेळ असाच बाविसाव्या वर्षी संपला. तो आता मोंढ्यात हमाली करतो, त्याच पायावर.

असा वेळेआधी संपलेला खेळ म्हटलं की मला तुलसीदास बलराम आठवतात, हबीबच्या आधीच्या पिढीतले. सिकंदराबादचे, रहीमसाहेबांनी हेरलेले, मेलबर्नला आणि जकार्ताला खेळलेले. छातीच्या दुखण्यानं त्यांना १९६३ मध्ये खेळ सोडावा लागला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच. ज्या वयात फॉरवर्ड पिकतो, त्या वयात. रेल्वेची नोकरी होती म्हणून पोटाचा प्रश्न आला नाही. पण त्यानंतर ते जवळजवळ साठ वर्षं जगले. बंगालमध्ये उत्तरपाड्याला एकटे राहायचे, लग्न केलं नव्हतं. १६ फेब्रुवारी २०२३ ला गेले, हबीबच्या सहा महिने आधी. दहा वर्षांचा खेळ आणि साठ वर्षांचं नंतर. त्यांच्याबद्दल लिहिणारे त्या दहा वर्षांबद्दलच लिहितात, मीही तेच करतो आहे. त्या साठ वर्षांत त्यांनी सकाळ कशी काढली, पेपरात मॅचचं पान आधी उघडलं की टाळलं, हे कुणीतरी त्यांना विचारायला हवं होतं.

आपल्याकडे परत येतो. मराठवाड्यातून खेळाडू निघतच नाहीत असं नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे लष्करात गेला, तिथं पळायला लागला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला. धाराशिवची सारिका काळे खो-खोत देशाची कर्णधार झाली, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, क्रीडा अधिकारी झाली. दोघांचा मला अभिमान आहे. पण दोघांच्याही गोष्टीत नोकरी आहे, आणि आम्ही घरी ही उदाहरणं देतो तेव्हा पदकापेक्षा नोकरीचा भाग जास्त ठासून सांगतो. केवळ खेळावर जगलेला माणूस आमच्या उदाहरणांत नाही. त्यामुळे पोरगं अठराव्या वर्षापर्यंत खेळतं, प्रमाणपत्र मिळवतं आणि खेळ सोडून भरतीला लागतं. खेळ खरा फुलायला लागतो त्याच वयात आम्ही त्याला मैदानातून धावपट्टीवर नेतो.

कुणी म्हणेल, आता दिवस बदलले, लीग आल्या, पैसा आला. आला, हे खरं. पण तोही आपल्या पावसासारखाच. महिंद्रा युनायटेड ही मुंबईची नावाजलेली टीम कंपनीनं २०१० मध्ये बंद केली, पुढच्याच वर्षी पंजाबची जेसीटी बंद झाली. आणि २०२५ च्या जुलैत तर इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच अडकून पडला, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा झाला नव्हता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशाच्या सर्वात वरच्या लीगमधली, टीव्हीवर दिसणारी पोरं, त्यांना पुढच्या महिन्याचं माहीत नव्हतं. हबीबनं १९६६ मध्ये जी जोखीम घेतली, ती साठ वर्षांनंतरही तेवढीच आहे. फरक इतकाच की आता तिला करार म्हणतात आणि तो इंग्रजीत छापलेला असतो.

हबीब गेल्याची बातमी आली तेव्हा मी मामांना फोन केला होता. ते बराच वेळ बोलत होते. फतेह मैदानावर बघितलेल्या एका मॅचबद्दल. बॉल बाहेर जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, लाइनमननं झेंडा अर्धा उचललासुद्धा, आणि हबीबमियां तरी पळाले, घसरत जाऊन बॉल आत ठेवला, उठून क्रॉस दिला. गोल झाला नाही. "पण साठ मिनिटं झाली होती आणि टीम दोन गोलनं पुढं होती, कामून पळायचं?" मामा मला विचारत होते आणि उत्तर त्यांना माहीत होतं. मीच शेवटी विचारलं, "मामा, तुम्हाला पुन्हा संधी दिली तर नोकरी सोडाल?" ते म्हणाले, "नाही. तुझी मामी होती, लेकरं होती. पण मला सोडता आली असती असा जमाना असायला पाहिजे होता."

मामांचं हे वाक्य मला हबीबच्या सगळ्या ट्रॉफ्यांहून महत्त्वाचं वाटतं. हबीबला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, पण त्यांनी जे केलं ते करणं इतरांना सोपं व्हावं, म्हणून काही केलं नाही. विमा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, पस्तिशीनंतर दुसरं काही शिकायची सोय नाही. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांहून जास्त पगार द्यायला बंदी होती. टॉम फिनीसारखा मोठा खेळाडू प्रेस्टनला प्लंबिंगचा धंदाही करायचा. तिथं खेळाडूंची संघटना १९०७ पासून होती. ती संपाच्या तयारीला लागली तेव्हा ती मर्यादा उठली. आपल्याकडेही खेळाडूंची संघटना आहे, पण तिच्यामागे उभं राहणारं कोण आहे? आम्ही प्रेक्षक खेळाडूकडून गोल मागतो. त्याचा गुडघा, त्याचं म्हातारपण हा त्याच्या घरचा प्रश्न समजतो.

परवा आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ आले. जिनिंगमध्ये कामाला असतात. त्यांचा मुलगा दहावीला आहे, लेफ्टला खेळतो, डाव्या पायाचा. मी त्याला बघितलंय. बॉल त्याच्याकडे आला की बाकीचे थांबून बघतात. पुण्याकडच्या एका निवासी अकादमीत त्याची निवड झाली होती. बाप म्हणाला, "सर, घरात सगळे नको म्हनायलेत. भरतीला तयार करा म्हनतेत. पाठवू का नको?"

मी म्हणालो, पाठवा. हे म्हणताना मला हबीबमियांचा शेवट आठवत होता, मोंढ्यातला तो स्टॉपरही आठवत होता, आणि तरी मी पाठवा म्हणालो, कारण त्या पोराच्या डाव्या पायात जे आहे ते जिल्ह्याच्या मैदानाच्या कोपऱ्यात संपून जावं असं मला वाटत नाही. मग आम्ही कागद घेऊन बसलो. अठरा वर्षांच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करता येत नाही, असा फिफाचा नियम आहे. तेवढं आधी बघा, म्हणालो, आणि इंग्रजी कागदावर सही करण्याआधी तो मला दाखवा. गुडघ्याचं ऑपरेशन लागलं तर खर्च कोण करणार, हे तोंडी विचारू नका, लिहून घ्या. तिथं डॉक्टर कोण येतो, किती दिवसांनी येतो, विचारा. दहावीची परीक्षा पूर्ण होईपर्यंत पाठवू नका, आणि पुढे तिथं कॉलेजला हजेरी जमली नाही, तर बारावी बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून द्यायला लावा, पण द्यायलाच लावा.

ते सगळं मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होते. लिहून झाल्यावर पुन्हा एकदा वाचून बघितलं आणि मला म्हणाले, "ते सतरा नंबर फॉर्मची शेवटची तारीख कधी राहते, सर?"